आष्टीचे चार प्रश्न आणि आमदाराच्या हाती असलेले अधिकार

ग्रामीण मतदारसंघातील निवडणूक जातीच्या गणितावर आणि घराण्यांच्या वैरावर लढवली जाते, असे शहरात बसून म्हणणे सोपे असते. बीड जिल्ह्याबाबत तर हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे, की तेथील उमेदवार पाणी, पीकविमा वा मजुरी यांविषयी नेमकी काय भूमिका घेतो, याची चौकशी करण्याची गरज कोणास वाटत नाही. आष्टी मतदारसंघाचे उदाहरण या समजाला छेद देणारे आहे. आष्टी, पाटोदा आणि शिरूर कासार या तीन तालुक्यांच्या या मतदारसंघात २० नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान झाले आणि भाजपचे सुरेश धस ७७ हजारांहून अधिक मताधिक्याने विजयी झाले. अपक्ष भीमराव धोंडे, राष्ट्रवादी काँग्रेसचे विद्यमान आमदार बाळासाहेब आजबे आणि शरद पवार गटाचे मेहबूब शेख असे तीन वजनदार प्रतिस्पर्धी समोर असताना हा विजय मिळाला. महायुतीतील दोन पक्ष येथे 'मैत्रीपूर्ण' म्हणवून घेत परस्परांविरुद्धच लढले.

धस यांनी १९९९ पासून तीन वेळा येथून विधानसभा गाठली. आधी भाजपकडून, नंतर राष्ट्रवादीकडून. २०१४ मध्ये ते धोंडे यांच्याकडून पराभूत झाले आणि २०१८ मध्ये भाजपच्या वतीने विधान परिषदेत गेले. पक्ष बदलले, तरी त्यांचे स्थानिक राजकारण चार प्रश्नांभोवती फिरत राहिले: कृष्णेचे पाणी, नगर-बीड-परळी रेल्वे, पीकविमा आणि ऊसतोड मजुरांची मजुरी. या चारही प्रश्नांवर मतदारसंघात फारसे मतभेद नाहीत. कोणताही उमेदवार पाण्याला किंवा रेल्वेला विरोध करीत नाही. म्हणूनच खरा प्रश्न, यातले किती एका आमदाराच्या हाती असते, हा आहे.

पाणी: खोरे बदलले की हक्क बदलतो

बीड जिल्ह्याचा बहुतांश भाग गोदावरी खोऱ्यात येतो. आष्टीचा मोठा भाग मात्र सीनेच्या, म्हणजे पर्यायाने भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात मोडतो. त्यामुळे जायकवाडीच्या पाण्यावरून मराठवाड्यात जो संघर्ष चालतो, त्यात आष्टीचा वाटा नाममात्र. तिचा हक्क आहे तो कृष्णा-मराठवाडा प्रकल्पातील पाण्यावर. या प्रकल्पासाठी एकूण २३.६६ टीएमसी पाण्याची मान्यता असली, तरी पहिल्या टप्प्यात केवळ ७ टीएमसीच हाती येणार आहे आणि त्यातून आष्टीसाठी १.६८ टीएमसी धरण्यात आले आहे. उजनी जलाशयातून उचललेले हे पाणी खुंटेफळ साठवण तलावात आणायचे, अशी ही योजना. शिंपोरा ते खुंटेफळ या कामाच्या निमित्ताने ५ फेब्रुवारी २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आष्टी तालुक्यात आले, तेव्हा धस यांच्या दीर्घ पाठपुराव्याला यश आल्याचे चित्र उभे राहिले.

यश खरेच आहे. पण ते निम्मे आहे. उजनी सोलापूर जिल्ह्यात आहे आणि सोलापूरकर आपल्या धरणातील थेंबाथेंबाविषयी जागरूक आहेत. इंदापूरसाठी उजनीतून ५ टीएमसी पाणी देण्याचा निर्णय २०२१ मध्ये सोलापूरच्या विरोधामुळे सरकारला मागे घ्यावा लागला होता. नीरेचे पाणी बोगद्याद्वारे भीमेत आणून उजनीची तूट भरून काढणे, हा मूळ योजनेचाच भाग आहे. ते पाणी प्रत्यक्ष येईपर्यंत टंचाईच्या वर्षी आष्टीच्या वाट्याचे संरक्षण कोण करणार, याचे उत्तर मतदारसंघात मिळत नाही. जलवाहिनी टाकणे हे निधीचे काम आहे. तिच्यातून दरवर्षी पाणी येणे हे राज्यातील सत्तासमतोलाचे काम आहे.

रेल्वे: तीन दशकांची वाट

अहमदनगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५ च्या सुमारास मंजुरी मिळाली. आरंभीचा ३५३ कोटींचा अंदाज पुढे काही हजार कोटींवर गेला. खर्चाचा निम्मा वाटा राज्याने उचलण्याचे ठरले, तेव्हा कामाला गती आली. २३ सप्टेंबर २०२२ रोजी गाडी नव्या आष्टी स्थानकापर्यंत पोहोचली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला. म्हणजे आष्टीकरांना बीडकरांआधी तीन वर्षे रेल्वे मिळाली. परंतु रूळ आले म्हणजे वाहतूक आली असे होत नाही. कांदा, दूध आणि भाजीपाला पिकवणाऱ्या या भागाला सोयीच्या वेळी सुटणारी, पुण्या-मुंबईच्या बाजारपेठेशी जोडणारी गाडी हवी आहे. वेळापत्रक रेल्वे मंडळ ठरवते. आमदार निवेदन देऊ शकतो. या प्रश्नावर निवडणुकीत बोलणे सर्वांत सोपे आणि उत्तरदायित्व निश्चित करणे सर्वांत अवघड आहे.

पीकविमा: चोरीची शिक्षा कोणाला?

पीकविम्याच्या इतिहासात बीडचे नाव दोन कारणांनी नोंदले गेले. २०२० मध्ये विमा कंपन्या जिल्ह्यात येण्यास तयार नव्हत्या, तेव्हा 'बीड पॅटर्न' आकाराला आला. भरपाई कमी द्यावी लागली तर कंपनीने हप्त्याच्या रकमेतील २० टक्के ठेवून उरलेली रक्कम राज्याला परत करायची आणि भरपाई ११० टक्क्यांपलीकडे गेल्यास वरचा भार राज्याने सोसायचा, असे त्याचे स्वरूप होते. कंपन्यांच्या नफेखोरीवरील हा उपाय पुढे राज्यभर स्वीकारला गेला. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा सुरू झाल्यावर मात्र बीड बोगस अर्जांसाठी गाजू लागले. डिसेंबर २०२४ मध्ये, आमदार झाल्यावर महिन्याभरातच, धस यांनी नागपूर अधिवेशनात हा विषय काढला आणि शासकीय जमिनींवरही विमा उतरवला गेल्याचा आरोप केला.

एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने एक रुपयाची योजना बंद केली. शेतकऱ्याला पुन्हा खरिपासाठी दोन, रब्बीसाठी दीड आणि नगदी पिकांसाठी पाच टक्के हप्ता भरावा लागू लागला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसानीचे संरक्षण वगळून भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगावर बेतली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कडा-आष्टी परिसर अतिवृष्टीने झोडपला. विम्याऐवजी ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या ३१,६२८ कोटींच्या राज्यव्यापी मदत योजनेकडे डोळे लावून बसण्याची वेळ शेतकऱ्यावर आली. गैरव्यवहार उघड करणे हे लोकप्रतिनिधीचे कर्तव्यच आहे. पण बोगस अर्ज भरणारे वेगळे आणि संरक्षण गमावलेले वेगळे, हा या प्रकरणाचा निष्कर्ष असेल तर चव्हाट्यावर आणण्याचे काम अर्धवटच राहिले, असे म्हणावे लागेल. योजना शुद्ध करा, या मागणीचे रूपांतर योजना आवळा, या निर्णयात झाले.

कोयता: मत येथे, काम तेथे

चौथा प्रश्न सर्वांत जुना आहे. ऊसतोडीसाठी सर्वाधिक मजूर बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायकोचे 'कोयते' कारखान्यावर रवाना होतात. २०२० च्या कोयता बंद आंदोलनात धस पुढे होते. त्या ऑक्टोबरमध्ये सरासरी १४ टक्के वाढ झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार व पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीतील बैठकीत ३४ टक्के. दोन्ही वेळा निर्णय विधिमंडळात झाला नाही, तो साखर संघाबरोबरच्या वाटाघाटीत झाला. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसदरातून वजा होत असल्याने मजुराची वाढ आणि शेतकऱ्याचा भाव परस्परांसमोर उभे केले जातात.

मजुरीपलीकडचे प्रश्न तर वाटाघाटीतही येत नाहीत. जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांबाबत २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यानंतर मुलांच्या वसतिगृहांची योजना आली, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आले. तथापि फडावर शौचालय, पाणी आणि रजा देण्याची सक्ती ज्या जिल्ह्यांत करायची, तेथे या मजुरांचे मत नाही. ज्या आमदाराला ते मत देतात, त्याच्या मतदारसंघात ते सहा महिने नसतात. २०२४ मध्ये गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करण्याचे ठरले आणि मतदान होते २० नोव्हेंबरला. मजुराच्या राजकीय दुर्बलतेचे याहून नेमके चित्र दुसरे नसेल.

निवडणुकीनंतर धस यांचे नाव राज्यभर झाले ते या चारपैकी एकाही प्रश्नामुळे नव्हे. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्या प्रकरणी धस यांनी आवाज उठवला आणि ४ मार्च २०२५ रोजी मंत्री धनंजय मुंडे यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच महिन्यात शिरूर कासार येथील एका समर्थकाच्या मारहाणीच्या चित्रफितीमुळे कायदा-सुव्यवस्थेचे प्रश्न धस यांच्याकडेही वळले. दहशतीचा विषय गौण नाही. जेथे सरपंच सुरक्षित नाही, तेथे पाणीवाटप आणि विमा यांवर निर्भयपणे कोण बोलणार? परंतु या गदारोळात चार जुने प्रश्न पुन्हा मागच्या बाकावर गेले, हेही खरे.

आष्टीच्या मतदाराने पुढील वेळी उमेदवाराला विचारायचे ते याच संदर्भात. टंचाईच्या वर्षी १.६८ टीएमसीची हमी कोणत्या आदेशाने मिळेल? स्थानिक आपत्तीचे विमासंरक्षण परत आणण्यासाठी सभागृहात काय केले? मजूर फडावर असताना त्याच्या मताची आणि त्याच्या पत्नीच्या आरोग्याची सोय कोणी करायची? पाठपुरावा करू, हे यावरचे उत्तर नव्हे. कोणत्या खात्याकडे, कोणत्या मुदतीत आणि कोणाच्या विरोधाला तोंड देऊन, हे सांगणारा उमेदवारच भूमिका घेतो. बाकीचे केवळ प्रश्नांची यादी वाचतात.