कोण होता तो सनी बॉय?
अर्धवट आठवणाऱ्या ब्लूज मैफलीतले कलावंत ओळखताना नावावर सर्वांत कमी भिस्त ठेवावी. साल आणि वाद्य अधिक विश्वासाचे. ‘सनी बॉय विल्यमसन’ या नावाने दोघे हार्मोनिका वाजवत. पहिल्याचा, म्हणजे जॉन लीचा, १९४८ साली शिकागोत खून झाला. दुसरा, राइस मिलर, तेच नाव बिनदिक्कत लावून १९६३ मध्ये ‘अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल’बरोबर युरोपात गाजला. तेव्हा त्या दौऱ्यात ऐकलेला सनी बॉय मिलरच. त्याच ताफ्यातल्या बिग जो विल्यम्सच्या गिटारला नऊ तारा होत्या. तेवढे आठवले तरी प्रश्न मिटतो. पियानोवादकांचे मात्र अवघड, कारण तिथे ऑटिस स्पॅन आणि मेम्फिस स्लिम दोघेही होते. मडी वॉटर्सच्या बँडमधला नेहमीचा साथीदार स्पॅन.