नोकरी लागली, की सुटलास?

धुळ्याच्या देवपुरात असो की जळगावच्या मेहरूणमध्ये, पोरगा स्पर्धा परीक्षेला बसला की घरचे म्हणतात, "एकदा सरकारी नोकरी लागली, की सुटलास."

२०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. एवढ्या गर्दीतून निवडलेल्या माणसाला नंतर कोण विचारतं? केळीचा पंचनामा बांधावर जाऊन करणारा आणि चावडीत बसून करणारा, दोघांना वर्षाला तीच ३ टक्के वेतनवाढ. उत्कृष्ट कामासाठी पूर्वी आगाऊ वेतनवाढ मिळायची, तीही सहाव्या वेतन आयोगानंतर बंद झाली. उरला सेवा हक्क कायद्यातला ५०० ते ५,००० रुपये दंड.

मग सरकारने सप्टेंबर २०२३मध्ये नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला. तरुण चिडले, ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. बरं झालं. उद्याची शाश्वती नसलेला माणूस साहेबाची मर्जी सांभाळतो. (आमच्या खासगी कंपन्यांत वेगळं काय चालतं!)

महमूदुर रहमान समितीने २०१३मध्ये राज्याच्या नोकऱ्यांत मुस्लिमांचा वाटा ४.४ टक्के सांगितला. तो वाढलाच पाहिजे. पण आपलाच पोरगा त्या खुर्चीत 'सुटल्यासारखा' बसला, तर दाखल्यासाठी तिसरी चक्कर मारणाऱ्या खालाला काय फरक पडला? हिस्सा मागताना आगाऊ वेतनवाढही परत मागा. ती कोणाला द्यायची, हे साहेबाने ठरवू नये. 'आपले सरकार' पोर्टलवर अर्जाची तारीख असतेच. मुदतीत किती दाखले दिले, ते तिथून मोजा.