कॉम्प्युटरचा सेंटर-बॅक घाबरत का नाही?

‘लेजंडरी’ लेव्हलवर खेळून बघ, अगदी खऱ्यासारखं वाटतं, असं मला दर चौथा माणूस सांगतो. मला तसं वाटत नाही. ‘लेजंडरी’ अवघड आहे, एवढंच. फुटबॉल गेम विकणाऱ्या कंपन्या गेली कित्येक वर्षं आपल्याला अवघड गेम देतायत आणि खऱ्या फुटबॉलचे पैसे घेतायत.

लेव्हल वाढवली की होतं काय, तर कॉम्प्युटरचे पास चुकेनासे होतात. लीगमधल्या तळाच्या टीमचा सेंटर-बॅक, अंगावर दोन फॉरवर्ड धावून आलेले असताना, शांतपणे बॉल घेतो, वळतो आणि वीतभर फटीतून मिडफिल्डरला देतो. तो तिसऱ्याला, तिसरा पुन्हा पहिल्याला. ‘कंपोजर’ नावाचा आकडा प्रत्येक खेळाडूला असतो, माहितीये मला. पण त्या आकड्याने फार तर बॉल वाकडा जातो, डोकं फिरत नाही. घाबरलेल्या माणसाला तो पास मुळात दिसतच नाही. तो बॉल लांब भिरकावतो, नाहीतर बाहेर मारतो आणि वर गोलकीपरवर ओरडतो.

हे बघायला प्रीमियर लीग लागत नाही. रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरला जा आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार मॅच बघा. एक गोल मागे, शेवटची दहा मिनिटं, गॅलरी पेटलेली. इतका वेळ जागा धरून असलेला बॅक कोणी न सांगता पुढे पळत सुटतो, मागे भगदाड पडतं आणि ते बुजवायला दुसरा आपली जागा सोडतो. एकाच्या घाईने चौघं हलतात. गेममधल्या कॉम्प्युटरच्या टीमला अशी घाई झालेली मी अजून पाहिलेली नाही. मागे पडली की ती ठरवून आक्रमक होते, सगळी एकदम, बटण दाबल्यासारखी.

२०२१ मध्ये ‘फिफा २२’ आला तेव्हा ईए स्पोर्ट्सने मोठा गाजावाजा केला. बावीस व्यावसायिक खेळाडूंना सेन्सरचे सूट घालून मॅच खेळवली, ८७ लाखांहून जास्त फ्रेम जमवल्या, त्यावर मशीन लर्निंग चालवलं. पळणं, वळणं, खांद्याला खांदा लागणं खरंच सुधारलं. पण खेळाडू डावीकडे कसा पळाला ते सूटला कळतं, का पळाला ते नाही. त्याच गेममध्ये इंडियन सुपर लीग आली आणि आपण खूश झालो. सेर्जिओ लोबेराने आधी एफसी गोवाला आणि मग मुंबई सिटीला छोट्या पासवर खेळायला लावलं, आणि २०२०-२१ ची लीग मुंबईने त्याच खेळावर जिंकली. गेममध्ये मात्र जर्सी झाकली, तर समोर मुंबई आहे की तळाची टीम, हे खेळावरून ओळखून दाखवा.

‘एआय येतंय, सगळं बदलेल,’ असं म्हणणारेही आहेत. गुगलने २०१९ मध्ये फुटबॉल शिकणाऱ्या एआयसाठी एक मैदान खुलं केलं. तिथे बक्षीस गोलला, किंवा बॉल गोलजवळ नेण्याला. असं शिकलेलं मशीन जिंकेल. माणसासारखं खेळायला त्याला कोणी सांगितलंच नाहीये.

मी चिडतो ते आमच्या गावातल्या पोरांमुळे. जून ते सप्टेंबर इथे मैदानावर उभं राहता येत नाही, सगळा लाल चिखल. एरवीही मैदान क्रिकेटवाल्यांचं. म्हणजे इथल्या बऱ्याच पोरांचा फुटबॉल फोनमध्येच होतो. दिवाळीनंतर ती मैदानात उतरतात तेव्हा मी त्यांच्यात खेळतो. ‘फॉल्स नाइन’ काय ते त्यांना पाठ असतं, पण बॉल गेला की जागच्या जागी उभी राहतात. कारण गेममध्ये बॉल गेला की कर्सर दुसऱ्यावर जातो आणि पहिल्याला कॉम्प्युटर मुकाट मागे पळवतो. साधा हिशोब करा: नव्वद मिनिटं, बावीस खेळाडू. एकाच्या वाट्याला बॉल चार मिनिटंही येत नाही. उरलेल्या शहाऐंशी मिनिटांचा खेळ गेमने कॉम्प्युटरकडे देऊन टाकलाय.

गेम आहे रे, मजा कर, हे उत्तर मला पुरत नाही. सहा मिनिटांच्या हाफमध्ये नव्वद मिनिटं कोंबताना काटछाट होणार, मान्य. पण मग खोक्यावर वास्तवाच्या गप्पा कशाला? शिवाय चूक वाढवायची सोय त्यांच्याकडे आहेच: कन्सोलवर कॉम्प्युटरच्या टीमचे पास किती चुकावेत याचा स्लायडर मेनूत पडलेला असतो. त्याने सेंटर-बॅक घाबरणार नाही, पण निदान त्याचा पास तरी चुकेल. तोच फोनवर द्या. इथे कितीजणांकडे प्लेस्टेशन आहे?