रानपिंगळ्याची ओळख

कोपर्निकस मार्गावरील आमच्या कचेरीसमोर एका जुन्या झाडाच्या ढोलीत पिंगळ्याचे जोडपे राहते. दिवेलागणीला त्यांचा कलकलाट सुरू झाला, की हातातील अनुवाद बाजूला ठेवावा लागतो! सातपुड्याच्या रानातील रानपिंगळा हा ह्यांचाच भाऊबंद. मात्र दोघांतील भेद नीट पारखून घ्यावा लागतो. पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचे डोके व पाठ जवळजवळ बिनठिपक्यांची, छाती गडद तपकिरी आणि पायांवर दाट पांढरी पिसे असतात. शिवाय तो भरदिवसा शिकार करतो.

१८८४ नंतर ह्या पक्ष्याची खात्रीलायक नोंद ११३ वर्षे झाली नाही. मायनर्ट्सहॅगेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मिळविल्याचे सांगितलेला नमुना जुन्याच संग्रहातून चोरलेला निघाला; त्या खोट्या चिठ्ठीवर विसंबून शोधक भलतीकडेच भटकले होते. पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट ह्यांनी जुन्या, खऱ्या नमुन्यांची ठिकाणे धुंडाळली. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात, सकाळच्या उन्हात, निष्पर्ण झाडावर बसलेला एक ठेंगणा पक्षी त्यांना दिसला. डोक्यावर ठिपके नव्हते आणि पाय पांढरे होते.