बडीशेपेच्या ताटलीतले पैसे

दिवाळीची खरेदी आटोपली, पिशव्यांचे बंद बोटांत रुतू लागले आणि मुले भुकेने कुरकुरू लागली, की आपण एखाद्या लहानशा उपाहारगृहात शिरतो. डोसे होतात, मिसळ होते आणि शेवटी बडीशेपेच्या ताटलीतून बिल येते. कुटुंबप्रमुख नोटा मोजतात, वर दहावीस रुपये तसेच राहू देतात आणि मोठे दान केल्याच्या समाधानाने पायऱ्या उतरतात. वाचकहो, मी हे वर्षानुवर्षे केले आहे; तुम्हीही करीत असाल. त्या दहावीस रुपयांचे पुढे काय होते, हे मात्र आपल्यापैकी कोणी विचारीत नाही. सणासुदीला हा रूक्ष विषय कशाला, असे म्हणू नका. आपल्या सणाचे ताट ज्यांच्या हातांनी पुढे येते, त्यांचा सण याच हिशोबावर अवलंबून असतो.

मी रात्रशाळेत शिकवतो. माझ्या वर्गातले कितीतरी विद्यार्थी हॉटेलांत काम करणारे तरुण आहेत. दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत आली, तेव्हा त्यांतल्या एकाचे पैसे येईनात. तो एका लहान हॉटेलात मोरीवर, म्हणजे कपबशा विसळण्याच्या कामावर होता. पगार कधी होतो, म्हणून विचारले, तर म्हणाला, "शेठ देतात, सर. लागतील तसे देतात." म्हणजे ठरल्या दिवशी पगार असा नाहीच. अडेल तेव्हा शेपाचशेची उचल घ्यायची. मग कधीतरी उचल, खाडे आणि फुटलेल्या बशा वजा जाता जे उरेल ते हाती पडायचे. हा सारा हिशोब शेठच्या वहीत. आणि ती वही त्याने कधी पाहिलेली नव्हती.

"आणि टीप?" मी विचारले.

"ती वाढप्यांची, सर. मोरीपर्यंत येत नाही."

अलीकडे तर ती वाढप्यांपर्यंतही येत नव्हती. गिऱ्हाईक गल्ल्यावरच्या क्यूआर कोडसमोर मोबाईल धरी आणि वरचे वीस रुपयेही बिलाबरोबर मालकाच्या खात्यात जात. मी माझे पैसे पुढे केले, तर तो घेईना. "आणखी कोणाची उचल अंगावर नको, सर." शेवटी मुदत टळल्यावर त्याने विलंबशुल्कासह अर्ज भरला. परीक्षेच्या अर्जाला तारीख होती, त्याच्या पगाराला नव्हती. आणि या ढिलाईचा दंड मालकाने नव्हे, विद्यार्थ्याने भरला.

मी त्या मालकांना भेटलो. माणूस दुष्ट नव्हे. त्यांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "मास्तर, ही पोरं माझ्या घरचीच आहेत. घरात कोणी पगारपत्रक करतं का?"

माझे सारे भांडण या 'घरचीच' शब्दाशी आहे. घरातल्या मुलाच्या हातून बशी फुटली तर त्याच्या जेवणातून तिचे पैसे कापतात काय? भाड्याची तारीख, वीजबिलाची तारीख, दूधवाल्याचा हिशोब हे सारे मालक चोख पाळतात. तेथे घरोबा आड येत नाही. तो आड येतो फक्त नोकराचा पगार लिहिण्याची वेळ आली म्हणजे. ज्या घरोब्यात एकाच्या हाती वही असते आणि दुसऱ्याच्या हाती फक्त फडके, तो घरोबा नव्हे; ती सोय आहे, आणि तीही एकाचीच.

कायद्याने हे कधीच ओळखले आहे. कारखाने आणि रेल्वे यांच्यासाठी झालेल्या १९३६ च्या कायद्यातही दंड पगाराच्या रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक नसावा, अशी मर्यादा होती. २०१९ साली संसदेने मंजूर केलेल्या वेतनसंहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो. दंड पगाराच्या शेकडा तीनच्या वर जाता कामा नये. बशी फुटली म्हणून पैसे कापायचे, तर आधी नोकराचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. नोकरी सुटली तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करावा लागतो. यांतले एकही कलम त्या मोरीपर्यंत पोहोचलेले नव्हते.

टिपेचे काय? २०१६ साली एका मोठ्या हॉटेल कंपनीच्या आयकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की टीप हा मालकाने दिलेला पगार नव्हे. कार्डावरून आलेली टीप मालकाच्या हाती पडली, तरी तो ती नोकरांसाठी विश्वस्त म्हणून बाळगतो. मग 'पगार थोडा आहे खरा, पण वर टीप मिळते ना!' या युक्तिवादात काय उरते? जी रक्कम मालकाची नाहीच, ती दाखवून तो आपला पगार कमी कसा करू शकतो?

धंद्यात मंदी असते, गॅस महागतो, पावसाळ्यात बाके रिकामी राहतात. हे सारे मला मान्य आहे. लहान हॉटेल चालविणे सोपे नाही. पण मंदीतला वाटा ज्याने तेजीतला नफा पाहिला त्याने उचलावा. ज्याने केवळ खरकटे पाहिले त्याने नव्हे.

वाढपीही निर्दोष नाहीत. 'गिऱ्हाईक माझ्यावर खूश झाले, पैसे माझे,' असे ते म्हणतात. पण गिऱ्हाईक खूश झाले ते डोसा कुरकुरीत होता म्हणून, पेला स्वच्छ होता म्हणून, बाक पुसलेले होते म्हणून. वाढप्याचे हसू त्या साऱ्यांच्या शेवटी येते, इतकेच. विहिरीचे पाणी शेवटच्या गड्याने ओतले म्हणून विहीर त्याने एकट्याने खणली असे होत नाही.

वाटणी फार अवघड आहे, असेही सांगतात. माझ्या पाचवीच्या विद्यार्थ्याला हे गणित येईल. दिवसाची टीप सहाशे रुपये. तिघांनी दहा-दहा तास काम केले, दोघांनी पाच-पाच. एकूण तास चाळीस. तासाला पंधरा रुपये. तिघांना दीडदीडशे, दोघांना पंचाहत्तर-पंचाहत्तर. मोबाईलवरून आलेली टीप वेगळी लिहायची, रोकड एका डब्यात टाकायची, आठवड्याच्या ठरल्या दिवशी सर्वांसमोर मोजायची आणि वही सर्वांना वाचता येईल अशी भिंतीला टांगायची. इंग्लंडने तर यासाठी २०२३ साली कायदाच केला. १ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे मालकाने टीप न कापता, पुढला महिना संपायच्या आत न्याय्य रीतीने नोकरांत वाटली पाहिजे आणि तिची नोंद तीन वर्षे ठेवली पाहिजे.

आपल्याकडे मात्र काळजी झाली ती गिऱ्हाइकाची. बिलात सेवाशुल्क आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. ठीकच झाले, सक्ती नकोच. पण आपल्या खिशातून जबरीने काही जाऊ नये म्हणून जागरूक असलेले आपण, राजीखुशीने दिलेले कोठे गेले याविषयी इतके उदासीन का? कारण आपण त्याला दान समजतो, आणि दानाचा हिशोब विचारणे आपल्याला हलके वाटते.

पूर्वी दिवाळीला घरोघर पोस्त मागायला येत. देणाऱ्याचा हात वर, घेणाऱ्याचा खाली, अशी ती रीत होती. हॉटेलातली टीप मी त्या रांगेत बसवायला तयार नाही. ती कामाची कमाई आहे, आणि कमाईला वही लागते, वाटणी लागते, तारीख लागते.

यंदा बाहेर जेवाल तेव्हा टीप जरूर ठेवा. बिल मोबाईलवरून भरले तरी टीप रोख ठेवा. आणि ताटली उचलायला आलेल्या वाढप्याला, मालकाच्या कानावर जाईल अशा आवाजात, एवढेच विचारा: "दादा, यातले मोरीवरच्याला किती मिळतात?" उत्तर आले तर ते हॉटेल चांगले. उत्तरासाठी तो गल्ल्याकडे पाहू लागला, तर काय ते समजा. आणि पुढल्या खेपेस पुन्हा विचारा.