डर्बी 'लाँच' करता येत नाही

आमच्या टीममध्ये एक कोलकात्याचा सहकारी आहे. एरवी अगदी शांत. प्रॉडक्शन सर्व्हर झोपला तरी याचा आवाज चढत नाही. पण मोहन बागान - ईस्ट बंगाल मॅच असली की गडी बदलतो. हा 'घोटी', म्हणजे मूळचा पश्चिम बंगालचा, म्हणून मोहन बागानचा. पूर्व बंगालातून आलेले ते 'बांगाल', त्यांचा क्लब ईस्ट बंगाल. ते जिंकले तर त्यांच्या घरी हिलसा, हे जिंकले तर यांच्या घरी कोळंबी. बागान हरलं की हा सोमवारी डबा एकटाच खातो!

त्याच्यामुळे एक जुनी गोष्ट आठवली. १९७५ च्या आयएफए शील्ड फायनलला ईस्ट बंगालने बागानला ५-० हरवलं. बागानच्या काही खेळाडूंनी म्हणे ती रात्र गंगेत नावेवर काढली. घरी जायची सोयच नव्हती!

आता आपली गोष्ट. १८ ऑक्टोबर २०१४, शनिवार. आयएसएलचा पहिलाच सीझन. नेरुळला मुंबई सिटीने पुण्याला हरवलं, स्कोअर तोच, ५-०. आंद्रे मोरित्झची हॅटट्रिक. 'महाराष्ट्र डर्बी' म्हणून गाजावाजा झालेला. सोमवारी पुण्यातल्या आमच्या ऑफिसात, जिथे निम्मी जनता दर शुक्रवारी मुंबईची गाडी पकडते, कोणी कोणाला एक टोमणासुद्धा मारला नाही. मिसळ आणि वडापाववरून तासभर भांडणारी ही माणसं बरं का. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडलं, तेव्हाही कोणाचा डबा उरला नाही.

माझं मत असं, की डर्बीला वैर लागतं हे अर्धंच खरं. डर्बीला शेजार लागतो. हरल्यावर ज्याचं तोंड चुकवता येत नाही असा माणूस लागतो: वरच्या मजल्यावरचा, सासुरवाडीचा, कोपऱ्यावरचा मासेवाला. मी स्वतः रात्री जागून मँचेस्टर डर्बी बघतो. हरलो की टीव्ही बंद, विषय संपला. ते वैर उसनं आहे, त्याचं मला काहीच मोजावं लागत नाही.

कोलकात्याने मोजलंय. १३ जुलै १९९७ चा फेडरेशन कपचा सेमीफायनल सगळे कौतुकाने सांगतात. सॉल्ट लेकवर १,३१,७८१ माणसं, बागानचे कोच अमल दत्त यांनी आधी ओमोलोला 'ऑम्लेट' म्हणून चिडवलेलं, मग भायचुंगची हॅटट्रिक आणि ईस्ट बंगाल ४-१. भारीच. पण १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर याच मॅचला मारामारी आणि चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षक गेले. घरून मॅच बघायला म्हणून निघालेले. 'पॅशन' वगैरे शब्द वापरताना मला ते १६ जण आठवतात आणि जरा गप्प बसावंसं वाटतं.

तरीही मी डर्बीच्याच बाजूने आहे, आणि त्याला कारण २०२४ चा ऑगस्ट. आर. जी. कर हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मुलीच्या बलात्कार आणि खुनाने शहर पेटलेलं. १८ तारखेची ड्युरँड कपची डर्बी बंदोबस्ताच्या कारणाने रद्द झाली. तर दोन्हीकडचे पाठीराखे स्टेडियमबाहेर जमले, सोबत मोहम्मेडन स्पोर्टिंगचेही. लाल-पिवळे आणि हिरवे-मरून झेंडे शेजारी-शेजारी, न्याय मागत. पोलिसांच्या लाठ्याही एकत्रच खाल्ल्या. शंभर वर्षं एकमेकांना ओळखणारी माणसंच हे एका दिवसात जमवू शकतात. कुठल्या मार्केटिंग टीमला जमलं असतं सांगा?

त्या आठवड्यात सहकाऱ्याला विचारलं, तू तिथे असतास तर त्यांच्याबरोबर उभा राहिला असतास?

"म्हणजे काय, राहिलोच असतो," तो म्हणाला. "आणि पुढच्या मॅचला त्यांनाच शिव्या घातल्या असत्या."