खेळ तयार आहे, खेळून पाहणारे कोठे आहेत?

डावपेचांचा मोठा पटखेळ स्वतः तयार करून विकावा, असे मनात घेतलेले तरुण आता आपल्याकडेही भेटतात. मुंबईचे झैन मेमन यांच्या 'शासन' या राजकारणावरील खेळासाठी २०१९ मध्ये किकस्टार्टरवरून लोकांकडून आगाऊ पैसे उभे करण्यात आले. म्हणजे हा धंदा येथेही होऊ शकतो. मात्र बरेचजण एकाच ठिकाणी अडतात आणि अडल्यावर चुकीचा रस्ता धरतात, म्हणून हे लिहावे लागत आहे.

अडचण चाचणीची आहे. सापशिडीसारखा खेळ शेजारची मुले दहा मिनिटांत खेळून दाखवतील. पण चौघांनी तीन तास डोके लढवायचे, अशा खेळाची एक बैठक म्हणजे चौघांचे मिळून बारा तास. तीस बैठका धरल्या तर ३६० तास! एवढा वेळ रोजंदारीने विकत घ्यायचा तर भांडवल छपाईआधीच संपेल. मग घरचे, मामेभाऊ आणि दोन जुने दोस्त यांनाच पुन्हा पुन्हा बसवले जाते. ते 'छान आहे' म्हणतात, आणि हजार पेट्यांची ऑर्डर छापखान्यात जाते.

घरच्यांना बसवू नये असे आमचे म्हणणे नाही. जर्मनीचे क्लाउस टॉयबर दातांच्या कवळ्या करण्याच्या व्यवसायात होते. 'कटान' त्यांनी बायकामुलांबरोबर खेळून खेळूनच घडवला. १९९५ मध्ये तो बाजारात आला आणि त्याच वर्षी जर्मनीतील 'वर्षाचा खेळ' ठरला. पण घरच्यांना नियम तोंडी सांगितलेले असतात, गिऱ्हाइकाच्या हाती फक्त पुस्तिका पडते. म्हणून पुढे चार अनोळखी माणसांसमोर बंद पेटी ठेवावी आणि आपण कोपऱ्यात गप्प बसावे. ते तिसऱ्या पानावर अडले तरी तोंड उघडू नये. (हे फार जड जाते. आम्ही अशा एका बैठकीला हजर होतो. पाऊण तास झाला तरी पहिली चाल झाली नव्हती आणि खेळ करणारे गृहस्थ घामाघूम!) तोच पाऊण तास छपाईनंतर कळला असता तर घरचे दागिने गहाण पडले असते.

ही चार माणसे आणायची कोठून? आमच्या मते, उसनवारीने. अमेरिकेत 'प्रोटोस्पील' नावाचे मेळावे सुरू झाले. तेथे खेळ बनवणारेच एकमेकांचे अर्धवट खेळ खेळून पाहतात. तुम्ही माझ्या खेळाला तीन तास द्या, मी तुमच्या खेळाला देतो. आपले तरुण मात्र कल्पना चोरीला जाईल या भीतीने पेटी कपाटात ठेवतात. चाचणीच न झालेली कल्पना चोरून कोणी काय कमावणार? बुद्धिबळ, ब्रिज खेळणाऱ्यांकडेही जावे, त्यांना लांब बैठकीची सवय असते. आणि दरवेळी पूर्ण डाव मागण्याचे कारण नाही. शेवटचा तास तपासायचा असेल तर पट तेथपर्यंत आधीच मांडून ठेवावा आणि तेवढाच वेळ मागावा.

मोबदला म्हणून चहा-नाश्ता, पुस्तिकेत नाव (ही या धंद्यातील रूढ रीत आहे) आणि छापून आल्यावर एक पेटी द्यावी. पेटी कबूल केली असेल तर ती आठवणीने पोहोचवावी, कारण पुढच्या खेळाला याच माणसांचे दार ठोठवायचे आहे.